झील

दिल्लीहून फोन आला तेव्हा झिपरूआप्पा
नंदुरबारच्या स्टँडवर बशीत चहा फुंकत होता.
पद्म म्हणजे काय, ते विचारायला
मास्तरच्या घरी जावं लागलं.

फॉर्मात रकाना होता : कलावंताचे नाव.
त्यात आम्ही चौघं मावत नव्हतो.
सोबत एकच माणूस नेता येईल, असंही लिहिलेलं.
आप्पाने लेकीला नेलं. बरोबरच केलं.

टीव्हीवर आधी फेटा दिसला,
मग डाव्या अंगाला जरा कललेला आप्पा.
त्या अंगाला चाळीस वर्षं डफ होता.
लगेच हवामानाच्या बातम्या लागल्या.

रात्री मी मिरचीच्या पथारीवर, राखणीला.
अकराला फोन. "उखा, काय करी ऱ्हायना?"
म्हणे, हॉटेलात कुणी वही म्हणायला लावली,
पहिली ओळ टाकली, सवयीने थांबलो,
मागून कुणी उचललीच नाही.
त्यांना वाटलं संपलं. टाळ्या वाजवल्या.

"झील दे ना रे भो."

त्याने ओळ टाकली.
मी छातीभर श्वास घेतला
आणि नेमकी वाऱ्यावर मिरची उठली.
खोकत राहिलो, डोळे पुसत.

तिकडे आप्पा थांबलेला.
फोन ठेवेना.