आधी जेवण

त्या औषधाला काचेची सिरिंज लागायची.
प्लास्टिकची वितळायची.
मी सव्वीस वर्षांचा, दवाखाना म्हणजे
क्विलू नदीच्या काठावर एक मातीची खोली,
आणि औषध म्हणजे सोमलच,
फक्त बाटलीवर नाव वेगळं.

शिरेत उतरताना जळत जायचं ते
कोपरापासून खांद्यापर्यंत, मग छातीत.
दोघं हात धरायचे, एक जण पाय.
मी म्हणायचो, हळू सोडतोय, हळू सोडतोय,
आणि खरंच हळू सोडायचो,
जणू सावकाश लावली की आग कमी भाजते.

विसातला एक औषधानेच जायचा.
हा हिशेब आम्हाला शिकवलेला, परीक्षेतही विचारलेला.
गितेंडा त्या महिन्यातला विसावा नव्हता,
सातवा होता.
हिशेबाला घाई झाली होती.

बाहेर त्याची मुलगी शेंगा सोलत बसलेली,
सहा वर्षांची असेल.
टरफलं मुठीत गच्च धरलेली,
दवाखान्याच्या अंगणात कचरा नको म्हणून.
मी काय सांगितलं तिला, आठवत नाही.
मूठ आठवते.

एकतीस वर्षांनी एका सायकलच्या कॅरियरवर
नवऱ्याच्या पाठीला दोरीने बांधून आली ती,
झोपेत पडू नये म्हणून बांधलेली.
काफुत्शी.
दिवसा चुलीपाशी बसल्या बसल्या डोळा लागायचा,
रात्री उठून कसावा कुटायची, धप्प, धप्प,
शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती.
मानेमागे गाठी. पाठीतल्या पाण्यात
माशीने सोडलेले ते वळवळणारे जीव.

तिने डोळे किलकिले केले.
"तूच ना तो, आगवाला?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग गोळ्या दाखवल्या.
चार दिवस चार-चार, पुढे सहा दिवस दोन-दोन.
सुई नाही, धरायला माणसं नाहीत.
तिने एक गोळी उन्हात धरून पाहिली,
"यात कुठे लपवलीस?"

नियम एकच : पोट भरलेलं हवं,
उपाशीपोटी ही गोळी अंगी लागत नाही.
गोळ्या फुकट येतात राजधानीहून, खोक्यातून.
लुकू येत नाही. मासा येत नाही.
माझ्या बायकोने घरचं पातेलं आणलं,
वर कसावाच्या पाल्याची भाजी,
आणि काफुत्शी म्हणाली, आधी तू खा.

मी खाल्लं.
दहा दिवस एका ताटात जेवलो आम्ही,
मी पहिला घास घ्यायचा, ती माझ्याकडे बघत राहायची
बराच वेळ,
तोवर लुकू गार व्हायचा.
तिसऱ्या दिवशी तिला मळमळलं,
त्या नजरेला नजर देता आली नाही मला.
पाचव्या दिवशी नदीकाठी टांगलेले सापळे बघून म्हणाली,
"इतकं छान निळं कापड माशांना?"
माशांना निळा रंग आवडतो, मी म्हटलं.
"मलाही आवडतो."

आठव्या रात्री उखळ वाजलं नाही.
मी दोनदा उठून खिडकीशी गेलो,
ती झोपली होती, रात्री झोपतात तशी,
तोंड उघडं, एक हात चटईबाहेर.
सगळ्या आयुष्यात मी इतका वेळ
कुणाला झोपलेलं बघत उभा राहिलो नव्हतो.
आमच्या धंद्यात झोप बघितली की भीती वाटते.

नवा नर्स लुकोजी कपाट आवरत होता.
काचेची सिरिंज काढून म्हणाला, ही कशाची?
अत्तराची, म्हणालो.
त्याने हुंगून पाहिली, जागेवर ठेवली.

सहा महिन्यांनी ती तपासणीला आली, पायी,
डोक्यावर टोपलीभर शेंगा.
पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं.
आभार वगैरे मानले नाहीत तिने,
वडिलांचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.
पायरीवर बसून शेंगा सोलू लागली,
दाणे माझ्या हातात,
टरफलं सरळ अंगणात.

कोंबड्या धावत आल्या,
फसल्या,
तरी पुन्हा पुन्हा टोचून बघत राहिल्या.