उलटं रीडिंग

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची मीटरं वाचली.
शुक्रवार पेठ, गंगावेश, तिथनं खाली नदीकडं,
जिन्याखालच्या कोंदट कपाटात, चपलांच्या ढिगावर उभा राहून
बॅटरी दातांत धरली आणि आकडे टिपले.
माणसं नावानं कमी, युनिटनं जास्त ओळखायचो.
दोनशे दहावरनं एकदम नव्वद : पोरगी नांदायला गेली.
साठवरनं एकशे चाळीस : रात्रंदिवस पंखा,
कोणतरी अंथरुणाला खिळलंय.
विचारलं कधीच नाही.
वहीत आकडा, आणि पुढचं दार.

आता माझ्याच पत्र्यावर सहा पाट्या आहेत, निळ्या.
वृषालीनं बसवल्या, कर्ज काढून, माझ्याशी भांडून.
मालन म्हणाली, झालं, सांडग्यांची जागा गेली.
दोन दिवस धुसफुसली.
तिसऱ्या दिवशी पाट्यांखालच्या सावलीत
तिनं कढीपत्ता पसरला.
सावलीत वाळला की हिरवाच राहतो, म्हणाली,
जशी काही पाट्या त्यासाठीच आणल्या होत्या.

मीटर नवं आलं. दोन्हीकडचं मोजणारं :
घेतलं किती, दिलं किती.
दुपारी बाराला मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतो.
पंखा बंद, मिक्सर बंद, मालन झोपलेली,
आणि आपण देतोय!
कुणाला, ते वायर सांगत नाही.
कोपऱ्यावरच्या चक्कीला असेल.
पलीकडं जैबुनभाभींच्या फ्रीजला असेल,
अंड्यांच्या कप्प्यात त्यांची इन्सुलिनची बाटली असते.
बिल वाटत फिरलेल्या माणसाला
ह्या वयात हे सुख जरा अडखळतच येतं.

स्टुलावरनं समोरची भिंत दिसते.
तिच्यावर पुराच्या दोन रेघा, खालवर.
नदीनं स्वतः येऊन लिहून गेलेलं :
मागील रीडिंग, चालू रीडिंग.
वजाबाकी माझ्या हातचा मळ,
पण ती मी करत नाही.

दिवाळीनंतर आकडा घसरला.
चौदावरनं बारा. बारावरनं नऊ.
पाट्या पुसल्या, कबुतरं हाकलली, कंपनीच्या पोराला बोलावलं.
मग एका दुपारी तीनला वर गेलो तर
पश्चिमेच्या दोन पाट्यांवर सावली,
बागवानांच्या नव्या कॉलमांची, सळया केसांसारख्या उभ्या.

आमच्या गावात किरणं अडवायचा वाद नवा नाही.
वर्षातले ते मोजके दिवस
मावळतीचं ऊन देवीच्या पायांपासून वर चढतंय का,
अख्खं गाव श्वास रोखून बघतं.
कुणाची टाकी आडवी, कुणाचा जिना, चर्चा होते.
पण माझ्या पत्र्यावर देवी नाही.
चहा आहे, ट्यूबलाइट आहे, वृषालीचे हप्ते आहेत.

खिशात टेप घालून गेलो. वाक्यं जुळवूनच गेलो होतो.
दारात शिरताना सवयीनं मान वळली :
मीटर फळीवरनं काढून पार छताजवळ नेलेलं,
त्याच्याखाली पलंग, पलंगाखाली विटा.
"मजला चढवताय?" म्हटलं.
जैबुनभाभी चहा गाळत होत्या.
"दोनदा गाद्या पाण्यात गेल्या, भाऊ.
मोहसीन म्हणतोय, अम्मी, आता तू वर."
बशीत चहा ओतला. फुंकर मारली.
टेप खिशातच राहिली.

वृषाली विचारते, बोललात का?
बोललो की, म्हणतो. चहा झाला.
ती पाट्या पूर्वेला सरकवायचं म्हणते, बघू,
पूर्वेला मालनचं सांडग्यांचं राज्य उरलंय.

काल स्लॅब पडला. गल्लीत पेढे वाटले.
संध्याकाळी वही काढली, जुनी, खात्याचीच, अर्धी कोरी.
तारीख. नऊ पूर्णांक दोन.
शेऱ्याच्या रकान्यात मी आजवर
"घर बंद", "मीटर नादुरुस्त", एवढंच लिहीत आलो.
काल लिहिलं : पाच युनिट कमी. कारण माहीत आहे.
दार वाजवून विचारलं.