पात्यांमधली फट

कात्री मिट आणि उजेडाकडे धर.
दिसली?
दोन पात्यांमधून आकाशाची बारीक चीर.
नवीन पोरं घाबरतात,
म्हणतात, एर्सिलिया, ही वाकडी झालीय, परत पाठव.
मी म्हणते, वाकडी आहे म्हणून तर कापते.

एकोणचाळीस वर्षं मी हेच करतेय:
छोट्या हातोडीनं पात्याला किंचित बाक द्यायचा,
स्क्रू पाव फेरा आवळायचा,
ओल्या रेशमावर चालवून कान द्यायचा.
डावा कान गेलाय. उजवा पुरतो.

आमच्या दरीत एकोणतीस भट्ट्या
आणि आडनावं फक्त पाच,
त्यामुळे वैरसुद्धा घरातलंच.
पोलाद कुठल्या रंगावर तेलात बुडवायचं
हे बाप मरताना मुलाच्या कानात सांगायचा,
आणि जावई खोलीत असेल
तर त्याला आधी लाकडं आणायला पाठवायचा.
बोर्तोलोच्या भट्टीला गल्लीकडे खिडकीच नव्हती.

दुधाचं मात्र वेगळं.
पणजोबांच्या काळापासून सगळ्या गोठ्यांचं दूध
एकाच तांब्याच्या कढईत.
कुणाचं किती, ते काठीवरच्या खाचांत.
चीज सगळ्यांचं.
ज्यांच्यात तीन पिढ्या बोलणं नव्हतं
त्यांचंही दूध एकत्र उतू गेलेलं मी पाहिलंय.

पोलादाला ती कढई कुणी दाखवली नव्हती.

मग ल्योंच्या एका शिवणघराची मागणी आली:
अकरा हजार कात्र्या, नाताळच्या आत.
गाउदेन्झिओनं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
त्याला एकट्याला तीन नाताळ लागले असते.

बैठक डेअरीत झाली.
खुर्च्या कमी, म्हणून अर्धे चीजच्या फळ्यांना टेकून उभे.
तासभर सगळे हवामानावर बोलले.
तेवढ्यात तेक्ला आली, तंत्रशाळेतून नुकतीच सुटलेली,
बहिणीच्या बाबागाडीत एक यंत्र घालून.
म्हणाली, प्रत्येकानं एक पातं द्या. शिक्का घासून.

हिऱ्याचं टोक पात्यावर टेकायचं,
पडलेला खळगा मोजायचा, एवढंच.
छप्पन्न.
सत्तावन्न.
छप्पन्न.
छप्पन्न.
एकोणतीस कानांत सांगितलेली गुपितं,
आणि आकडा तोच.

मागून कुणी तरी फिसकन हसलं.
बोर्तोलो हसला नाही. टोपी घातली, निघून गेला.
नऊ दिवस त्याच्या धुराड्यातून धूर नाही.
बायको म्हणाली, जेवतो, पण ताटाशी बोलतो.
दहाव्या सकाळी दार सताड उघडं,
आणि आत तो तेक्लाला सांगतोय:
गव्हाच्या काडीचा पिवळा, बस तिथेच.
जांभळ्यावर गेलं की ते पातं लोणी कापायला.
ती लिहून घेत होती.
लिहू नकोस, तो म्हणाला. बघ.

आता मोठी भट्टी डेअरीमागच्या पडवीत, सगळ्यांची.
कुणी घडवतं, कुणी भोक पाडतं,
धार दोमेनिकाकडे, तिचा हात हलका.
भट्टीशेजारी काठी टांगलीय, खाचांची.
तरी भांडणं होतातच.
पहिल्या खेपेतल्या चारशे कात्र्या परत आल्या,
आणि चूक कुणाची यावर दोन लग्नांची निमंत्रणं थांबली.
फेर्मो तर वेगळाच झाला, स्वतःचा शिक्का घेऊन,
मात्र वीज गेली की त्याचा मुलगा
मागच्या दारानं पाती आणतो आमच्या भट्टीत.
आम्ही खाच पाडतो. विचारत नाही.

ये, खुर्ची जवळ घे.
दोन पाती अंगभर चिकटली
तर कात्री कापत नाही, कापड चघळते.
ती भेटतात एकाच बिंदूवर,
आणि तो बिंदू चालत जातो
स्क्रूपासून टोकापर्यंत.
मागे पुन्हा फट.

हे घे रेशीम.
ओलं कर. सावकाश मीट.
बघू नकोस आता,
ऐक.