पोत्याचे पैसे

साखर पेठेतून निघालं की वाटेत तीन दुकानं.
तिन्हीकडं तूरडाळ होती, डोक्यावर पंखा, बसायला स्टूल.
आई तिन्ही ओलांडायची,
कारण कन्ना चौकाच्या अलीकडच्या बोळात
मल्लेशप्पा कलशेट्टी
किलोमागं आठ आणे कमी घ्यायचा.

आठ आणे म्हणजे किती, ते मला पाठ होतं.
अठ्ठावीस विड्या.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा,
अठ्ठावीस वेळा.
ब्रँचमधला कारकून छाट म्हणून
एका मुठीत त्याच्या दुप्पट फेकून द्यायचा.

मल्लेशप्पाकडं पंखा नव्हता.
पाटीवर श्री वीरभद्र जनरल स्टोअर्स,
त्यातलं ‘जनरल’ उन्हानं खाल्लेलं.
पण आत सगळं: कंदिलाची काच, रबरी चपलेचे बंद,
करडीचं तेल, गंगावनं, पाटीवरची पेन्सिल,
गड्ड्याच्या दिवसांत टिकल्यांची पाकिटं.
आई विड्या तेलुगूत मोजायची, तो नाणी कन्नडमध्ये,
भांडण मात्र मराठीत.
“पुडीचा कागद तोलात धरू नको.”
“कधी धरला, बाई?”
नव्हताच धरला कधी.
तरी दर शनिवारी ती विचारायची.

एकदा तिनं विचारलं, “तुला परवडतं कसं?”
त्यानं पेन्सिल कानावर ठेवली
आणि मागं बोट केलं.
घडी घातलेली तागाची पोती, छपरापर्यंत.
तेलाचे रिकामे डबे, खोकी, सुतळीचे गुंडे.
“साखर आली त्याच भावात देतो.
पोतं विकतो, तेवढं माझं.
भरलेलं तुमचं, रिकामं माझं.”
आई घरी येईपर्यंत हसत होती,
आणि रात्री भावाच्या अंगावरचं पोतं बघून
एकदम गप्प झाली.

ज्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तेल भडकलं,
त्यानं पाटीवर खडूनं लिहिलं:
जुना माल, जुना भाव, संपेपर्यंत.
नीलम नगरहून बाया बसनं आल्या.
तिकिटात वाचलेलं सगळं गेलं असणार,
तरी आल्या.
चौथ्या दिवशी डबे संपले
आणि तो रिकाम्या दुकानात बसून
सगळ्यांना नुसतंच पाणी देत होता.

मग पोती प्लास्टिकची झाली.
तेल पिशवीत आलं.
रिकाम्याला कुणी विचारेना.
मल्लेशप्पा गेला, शिवयोगी गादीवर आला,
काचेचं काउंटर, छापील बिल,
आणि भाव चार लोकांसारखा,
खरं तर चार लोकांपेक्षा थोडा वरच.

मी आईला होटगी रोडच्या मॉलची जाहिरात दाखवली.
डाळ तीन रुपयांनी कमी.
“किती वर्षं घेतलं आपण त्याच्याकडनं?
मांड हिशोब.”
महिन्याला आठ किलो, चार रुपये, बावीस वर्षं:
एक हजार छप्पन्न.
आता आम्ही दोघंच, महिन्याला तीन किलो,
नऊ रुपये जादा जातात.
“म्हणजे फिटायला?”
नऊ वर्षं, नऊ महिने.
ती चौऱ्याहत्तरची आहे.
“होईल की,” म्हणाली,
आणि पिशवी शोधायला लागली.

काल मीही बरोबर गेलो.
वाटेतल्या तीनपैकी दोन दुकानांत आता मोबाईल दुरुस्त होतात.
तिसऱ्याचा म्हातारा अजून स्टूल पुढं करतो,
ती अजून मान हलवून पुढं जाते.

शिवयोगीनं बिल दिलं. तिनं ते बघितलं नाही.
काउंटरवर वाकून
मागच्या अंधारात काहीतरी शोधत राहिली.
“एखादं पोतं आहे का रे, तागाचं?”
“पोतं? आता कुठलं, आजी. कशाला पाहिजे?”
“काही नाही,” आई म्हणाली.
“विकत घ्यायचं होतं.”