पाव फेरी

जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्यावर बसून
मी अठरा वर्षं लोखंड मोजतोय.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक.
कुठून आलं ते विचारत नाही,
पावतीवर त्याला रकाना नाही.

रात्रपाळीचा वॉचमन लिंबाजी खरात
अंबडकडचा. नौदलातून उतरलेला स्टोकर.
उतरलेला म्हणतो तो, निवृत्त नाही म्हणत.
शेवटची अकरा वर्षं त्यानं
एका बंद युद्धनौकेवर काढली.
धक्क्याला बांधलेली, बॉयलर थंड,
तोफांच्या तोंडात लाकडी बुचं,
नळ्यांना आतून ग्रीसचा हात.
मोडीत नाही, चालूही नाही.
कागदावर लिहिलेलं: राखीव.
हुकूम आलाच, तर नव्वद दिवसांत
दर्यावर उभी राहिली पाहिजे.

"पाण्यात ठिवून आतून कोरडी राखायची, एवढंच काम.
खोल्याखोल्यांत ओल पिणाऱ्या पुड्या टांगायच्या,
फुगल्या की भट्टीत वाळवून पुन्हा टांगायच्या.
साहेब म्हणला, कोरडं ठेवायचंय ना?
मग मराठवाड्याचाच माणूस लावा."
हे सांगताना तो दरवेळी हसतो
आणि दरवेळी मीपण.

दर गुरुवारी चौघं मिळून
पंख्याचा दांडा हातानं फिरवायचे.
पाव फेरी.
खडूची खूण वर होती ती उजवीकडं,
पुढच्या गुरुवारी खाली, मग डावीकडं.
नाहीतर एकाच कुशीवर पडून
एवढं वजन स्वतःलाच वाकवतं.
मी एकदा पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला:
अकरा वर्षांत एकशे त्रेचाळीस फेऱ्या.
म्हटलं, लिंबाजी, एवढ्यात तर
बंदराच्या तोंडापर्यंतसुद्धा गेली नसती.
"पण वाकली नाही," तो म्हणाला.

नोंदवहीत रोज एकच ओळ: विशेष काही नाही.
बुरुजात कबुतरांनी अंडी घातली, ते लिहिलं नाही.
तळाला कालवं धरत गेली, तेही नाही.
एक साहेब आला आणि घंटा घेऊन गेला,
त्याची मात्र सही घेतली.
मग हुकूम आला. तो नव्वद दिवसांचा नव्हता.
टगनं तिला मागच्या अंगानं ओढत नेली,
"त्यामुळं तोंड आमच्याकडंच राहिलं,
दिसायची थांबली तरी."

परवा पहाटे अलंगचा ट्रक लागला.
गॅसनं कापलेले पत्रे, तीन बोटं जाड.
लिंबाजीनं टॉर्च धरला, खिशातलं नाणं काढून
रंग खरवडत बसला.
राखाडी. राखाडी. खाली शेंदरी. परत राखाडी.
ओठ हलत होते.
दर दोन वर्षांनी एक हात दिला होता त्यानं.
मी खिडकीतून विचारलं, "तीच?"
बराच वेळ काही नाही. मग,
"राखाडी सगळ्यांचीच असती. वजन घे."

घेतलं. चोवीस टन तीनशे वीस.
भट्टीकडं जाताना पुन्हा घेतलं,
दहा किलो कमी भरलं.
मी शेऱ्यात लिहिलं: माती, गंज.
दुपारपर्यंत बारा एमएमच्या सळ्या झाल्या,
घनसावंगीला कुठंतरी पाण्याची टाकी बांधतायत म्हणे.

बुधवारी त्याच्या घरी गेलो, चंदनझिऱ्याला.
तिकडं नळ आठव्या दिवशी येतो.
दारात निळा ड्रम, ड्रमवर झाकण,
झाकण उडू नये म्हणून वर एक तुकडा:
राखाडी, तीन बोटं जाड,
एका कडेला खडूची रेघ.
रेघ भिंतीकडं होती.
मी बघितलं, मी बघितलेलं त्यानं बघितलं,
तेवढ्यात चहा आला.

शुक्रवारी कामावर जाताना सायकल त्याच गल्लीतून घातली.
रेघ रस्त्याकडं वळलेली.
त्याच्या सुनेनं पाणी काढलं असेल.