छत्तीसशे

ब्लेझ कार्दोज शुक्रवारी तारवावर चढणार,
म्हणजे माझ्या हातात तीन रात्री.
पेटी काउंटरवर ठेवून म्हणाला,
तसं काही नाही, फक्त मध्येच मरते.
मध्येच म्हणजे कधी?
चाळीस मिनिटांनी. कधी दोन तासांनी.
एकदा तर मी नुसता बघत होतो तिच्याकडे.

आत चार पट्ट्या. चौघींच्या अंगावर छापलेलं: छत्तीसशे.
दोन मडगावला घेतलेल्या,
दोन मेव्हण्याने कतारहून आणलेल्या.
आकडा एक, रंग एक,
घराणी वेगळी.

आधी मी तेच करतो जे सगळे करतात.
काढतो, पुन्हा बसवतो, टक् ऐकू येईपर्यंत.
भाचीच्या खोडरबराने सोनेरी दात घासतो,
कुडचड्यात ऑक्टोबरचा घाम सोन्यालाही सुटतो.
फुंकर मारत नाही.
फुंकर मारणाऱ्यांची दुकानं मला माहीत आहेत.

मग एकेक पट्टी एकटी, एकेक खाच एकटी.
एवढ्यातच पहिली रात्र संपते.
एकटी असताना प्रत्येकजणी खरं बोलते.
दोघी दोघीही.
चौघी मिळून, छत्तीसशेला, तिसऱ्या फेरीत
एक लाल ओळ.

लाल ओळीचा पत्ता मी वहीत उतरवतो.
मेलेली जागा नेहमी एकाच पत्त्यावर मेलेली असते.
ही तशी नाही. आता इथे, तासाने भलतीकडेच.
म्हणजे कोणी मेलेलं नाही,
कोणाला तरी नीट ऐकू येत नाहीये.

व्होल्टेज चिमूटभर वाढवलं, मिठासारखं.
लाल ओळ दोन तास उशिरा आली,
पण आली.
बायोस नवा घातला. पंखा जवळ ओढला.
दुसऱ्या रात्री सत्त्याऐंशी टक्क्यांवर वीज गेली
आणि अंधारात मी वीजखात्याच्या
पाचव्या पिढीपर्यंत पोचलो.

भाची म्हणते, मामा, आमच्या पुस्तकात रॅमला स्मृती लिहिलंय.
लिहू दे.
बटण बंद केलं की ही सगळं सोडून देते, बिनतक्रार.
स्मृतीला हे जमलं असतं
तर आमच्या घरात निम्मी भांडणं झाली नसती.

बाबा सावर्ड्याहून खनिजाची बार्ज न्यायचे.
बार्जच्या कुशीला पांढरी रेघ: इथपर्यंत भरा.
रेघ खोटी नव्हती. गोदीत मोजूनमापून मारलेली.
पण गोदीत ओहोटी नव्हती,
दर वर्षी जागा बदलणारा वाळूचा दांडा नव्हता.
बाबा चार बोटं कमीच भरून घ्यायचे.
मुकादम धक्क्यावर उभा राहून ओरडायचा,
खेपेमागे एवढे टन, हिशेब कोण देणार?
बाबा दोर सोडता सोडता म्हणायचे,
रेघ तुझी, तळ माझा.

तिसरी रात्र. चौतीसशेला सहा तास निभावलं,
मी चहा ठेवला, आणि चहा उतू जाताना
एक लाल ओळ. एकच.
एकीला माफ करायचा मोह होतो.
पण तिचा फोटो कुठला, पगाराचा कागद कुठला,
कोणाचा एक ठिपका कुठे जाईल, हे ती सांगत नाही.
पुन्हा बंद. पुन्हा खाली.
तेहतीसशे तेहतीस.
पदेराचा भोंपू गल्लीत शिरला तेव्हा
दहावी फेरी संपत होती. चुका: शून्य.

ब्लेझने आकडा वाचला, तोंड उतरलं.
पैसे मी छत्तीसशेचे दिलेत, पात्रांव.
दिलेस.
मग फसवलं कोणी?
मी वही उघडली. दोन घ्यायच्या तर छत्तीसशे मिळेल,
चार हव्यात तर हे.
पट्टी खरी, खाच खरी, छापलेलंही खरं.
कोणीच नाही, म्हटलं,
आणि त्याला ते पटलं नाही.
कोणीतरी असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

चारही ठेवल्या त्याने.
स्कूटरच्या पुढ्यात पेटी, दोन्ही गुडघ्यांत धरलेली.
पुलाच्या वळणापर्यंत अगदी सावकाश गेला,
पुढचं दिसलं नाही.

खोडरबर मी भाचीच्या कंपासपेटीत परत ठेवला.
त्याची एक कड काळी पडली आहे.
ती विचारणारच.