ताळा

ताश्कंदहून परिपत्रक आलं होतं:
प्रत्येक अभ्यासक्रमात शाश्वततेचा एक पाठ हवा.
शाखाप्रमुखांनी तो चौदाव्या आठवड्यात ठेवला,
ऐच्छिक, बिनगुणांचा,
परीक्षेआधीच्या त्या शनिवारी
जेव्हा नुकूसमधली निम्मी मुलं गावी गेलेली असतात.

बीबायशा ओरिनबायेवा बाईंनी सही केली,
कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला
आणि आमच्या पहिल्याच तासाला,
परिव्यय लेखा, दुसरं वर्ष, खोली एकवीस,
एक खतावणी टेबलावर आपटली.
धूळ उडाली. ओठांना खारट लागली.
इथली धूळ खारटच. कुणाला नवल वाटलं नाही.

मुयनाकच्या मासे-कारखान्याचं बाड ते.
पेरदेबायच्या आजोबांनी टाळं लागलं त्या दिवशी
कोटाखाली लपवून घरी नेलेलं.
का नेलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नव्हतं.

"वाचा."
आम्ही वाचलं.
नावा एकोणीस. जाळी. बर्फघर. पत्र्याचे डबे, झाकणांसह.
नावांवर घसारा, जाळ्यांवर घसारा,
फाटकावरच्या भोंग्यावरसुद्धा, वर्षाला तीन टक्के.
मग एका पानापासून रेल्वेभाडं सुरू झालं:
मासे आता परक्या महासागरांतून येत होते,
बर्फात निजून, वाळवंट ओलांडून,
समुद्रकाठच्या गावात डब्यात बसायला.
आणि तरी पानोपानी ताळा जुळत होता,
कोपेकपर्यंत.

"चूक शोधा."
दोन तास शोधली. बेरजा केल्या, हातचे तपासले.
खुर्ची मागच्या पायांवर झुलवत बसलेली झिबागुल
शेवटी कंटाळून म्हणाली,
"यात समुद्र कुठं लिहिलाय?"

बाई काही बोलल्या नाहीत.
बराच वेळ खडू शोधत राहिल्या.

तो पाठ मग वेगळा असा झालाच नाही.
पण कुठलंही उदाहरण सोडवा, चौथा प्रश्न हटकून आडवा यायचा:
किलोभर कापसाला पाणी किती, आणि ते कोणाच्या नावे?
कालव्याची गळती कुठल्या खर्चात?
दवाखान्यात खोकणारं पोर
शेताच्या देण्यांत धरायचं की नाही,
नसेल, तर कोणाच्या?
आम्ही वैतागायचो. समरकंदच्या मुलांना
तीनच प्रश्न असायचे.

चौदाव्या आठवड्यातल्या शनिवारी, शिपाई सांगतो,
बाई एकट्याच आल्या,
खिडकीवरचं मीठ ओल्या फडक्यानं पुसलं
आणि गेल्या.

परीक्षेत तेच बाड. समुद्र धरून ताळेबंद मांडा.
पेरदेबायनं मांडला, सुबक, पट्टीनं आखून,
आणि दोन्ही बाजू जुळवायला तळाशी एक ओळ घातली:
समुद्र, बुडीत खाते.
बाईंनी लाल शाईनं ती खोडली. बाजूला लिहिलं:
बुडाला नाही, आटला. बुडवलं कोणी, ते मांड.
त्याला काठावरचे गुण.
ज्यांचा ताळा उघडाच राहिला, त्यांना पैकीच्या पैकी.
शाखाप्रमुखांच्या खोलीतून आवाज वरांड्यापर्यंत येत होता.

मी आता कापसाच्या गिरणीत हिशेब बघते.
दर तिमाहीला तक्त्यात पाण्याचा रकाना जोडते,
दर तिमाहीला साहेब तो छापण्याआधी काढतात.
माझी नोकरी गेली नाही. बढतीही झाली नाही.
खरं सांगायचं तर त्या रकान्यात भरायला
धड आकडासुद्धा नसतो माझ्याकडे,
कालव्यावरचं मीटर तीन वर्षं बंद आहे.

काल एक नवा पोरगा रुजू झाला.
जुने तक्ते चाळता चाळता बोट थांबलं त्याचं.
"इथं एक ओळ कमी आहे का?"
"कुठल्या खोलीत होतास?" मी विचारलं.
"एकवीस."
"साहेब जेवायला गेलेत," म्हटलं. "लिही."